धनुर्वात : रोगाचे नाव, दिवसांची मोजणी आणि विषाचा मार्ग

‘धनुर्वात’ ह्या शब्दात दोन निरनिराळ्या प्रकारचे ज्ञान एकत्र आले आहे. त्यातील ‘धनु’ हे डोळ्यांनी पाहिलेले आहे, तर ‘वात’ तर्काने ठरविलेला आहे. मान मागे ओढली गेली आहे, पाठीची कमान झाली आहे, डोक्याचा मागचा भाग आणि टाचा एवढेच काय ते अंथरुणाला टेकले आहे, असा रोगी ज्याने एकदा पाहिला त्याला धनुष्याची उपमा शोधावी लागत नाही. वाताची गोष्ट वेगळी आहे. शरीरातील सर्व हालचालींचा प्रवर्तक वायू, म्हणून हालचालींचा असा भयंकर विपर्यास झाला तर तोही वायूच्याच प्रकोपाने, हा शास्त्रकारांचा सिद्धांत त्या शब्दात शिरला आहे. रूढ मराठीत मात्र ‘वात होणे’ म्हणजे तापाच्या भरात भ्रम होऊन बरळणे. आणि धनुर्वाताच्या रोग्याला तर शेवटपर्यंत शुद्ध असते. प्रत्येक झटका तो जाणून सोसतो. शास्त्राने दिलेले नाव लोकांच्या भाषेत आल्यावर अर्थ कसा सरकतो त्याचे हे एक उदाहरण होय.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पहिला अध्याय वातव्याधींचा आहे. त्यात आक्षेपक, अपतानक, दंडापतानक, धनुःस्तंभ अशी नावे येतात. शरीर पुढे वाकले तर अभ्यंतरायाम आणि मागे वाकले तर बाह्यायाम असा भेदही केलेला आहे. ग्रीक वैद्यांनी नेमका हाच भेद ‘एम्प्रोस्थोतोनोस’ आणि ‘ओपिस्थोतोनोस’ ह्या दोन शब्दांनी केला. एकाने दुसऱ्याचे घेतले काय, असा प्रश्न येथे मनात येणे स्वाभाविक आहे. पण वाकलेले शरीर पुढे तरी वाकेल नाही तर मागे, तेव्हा एवढ्या साम्यावरून देवघेवीचा सिद्धांत उभारणे बरे नव्हे. शब्दांच्या घडणीतील साम्य ह्याहून खोल आहे. ग्रीक ‘तेतानोस’ हा शब्द ताणणे ह्या अर्थाच्या ‘तेइनो’ ह्या क्रियापदाशी संबद्ध आहे, आणि अपतानकातील ‘तन्’ हा धातू त्याचाच संस्कृत भाऊ. मराठीतील ताण आणि ताणणे ही त्याच घरातील. मज्जातंतूंतील ‘तंतू’ हाही तन् धातूचाच. आधुनिक शास्त्रात मज्जातंतूला जो ग्रीक शब्द मिळाला तो ‘न्यूरॉन’. त्याचा मूळ अर्थ स्नायुबंध, आणि त्यावरून धनुष्याची दोरी. संस्कृतातील ‘स्नायू’ शब्दाचे नाते ह्याच ग्रीक शब्दाशी पोहोचते, आणि त्यालाही प्रत्यंचेचा अर्थ आहे. धनुष्य आणि दोरी दोन्ही अशी प्राचीन शब्दसंग्रहात हजर होती. दोरी कोण ओढतो, एवढेच कळायचे राहिले होते, आणि ते कळायला एकोणिसाव्या शतकाची अखेर यावी लागली.

जखमेचा संबंध मात्र प्राचीनांच्या ध्यानात आला होता. आघाताने, गर्भपाताने किंवा अतिरक्तस्रावाने उद्भवलेला अपतानक बरा होत नाही, असे सुश्रुत सांगतो. ह्या तीन कारणांपैकी आघात व गर्भपात ही दोन आजच्या वैद्यालाही धनुर्वाताची म्हणून ओळखू येतील. तथापि अपतानक म्हणजे सर्वत्र धनुर्वातच, असे धरून चालता येत नाही. अपस्माराचे व इतर झटक्यांचे रोगही त्या नावाखाली गेले असणार. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील रुग्णवृत्तांतील एक वृत्त ह्या बाबतीत अधिक निःसंदिग्ध आहे. एका मोठ्या जहाजाच्या तांडेलाचे उजव्या हाताचे बोट नांगराखाली चेंगरले. सात दिवसांनी जखमेतून दुर्गंधी स्राव येऊ लागला; मग जीभ नीट वळेना, जबडे आवळले गेले, मान ताठली, पाठ मागे वाकली, आणि पुढे काही दिवसांतच तो मेला. मराठीत ज्याला दातखीळ बसणे म्हणतात तेच येथे पहिले ठळक लक्षण आहे. घाबरून अगर थंडीने तोंड न उघडणाऱ्या माणसाविषयी आज हा वाक्प्रचार सहज वापरला जातो. त्याच्या मुळाशी काय आहे ह्याची आठवण फारशी कोणाला राहिलेली नाही.

ह्या वृत्तात लक्षात ठेवण्यासारखा आकडा सातांचा आहे. जखम होते बोटाला, आणि आठवड्याने आवळतो तो जबडा. स्थळाचेही अंतर आणि काळाचेही. धनुर्वाताचा पुढील सर्व इतिहास ह्या दोन अंतरांचा उलगडा करण्याचा इतिहास आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रोगाला शरीराच्या आकारावरून जशी नावे पडली तशीच दिवसांवरूनही पडली. ती नावे नवजात अर्भकांच्या धनुर्वाताची आहेत. नाळ कापताना वा नाळेवर काही लावताना शिरलेले विष पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्रकट होते. मूल अंगावर पिणे सोडते, कारण त्याला तोंडच उघडता येत नाही. डब्लिनच्या रोटुंडा प्रसूतिगृहात ह्याला नऊ दिवसांचे झटके म्हणत. तेथील वैद्य जोसेफ क्लार्क ह्याने दिलेले आकडे वाचवत नाहीत. १७८२ पर्यंत त्या प्रसूतिगृहात जिवंत जन्मलेल्या १७,६५० मुलांपैकी २,९४४ पहिल्या पंधरवड्यातच दगावली, म्हणजे जवळजवळ दर सहांतील एक; आणि त्यांतील वीसांपैकी एकोणीस ह्याच झटक्यांनी. क्लार्कच्या मते कारण कोंदट हवा. त्याने खिडक्यादारांतून वारा खेळेल अशी व्यवस्था केली, आणि त्यानंतरच्या ८,०३३ मुलांपैकी ४१९ गेली, म्हणजे सुमारे एकोणिसांत एक. हवेचा ह्या रोगाशी काही संबंध नाही हे आता ठाऊक आहे. हवेबरोबर स्वच्छताही आली असावी असे मानणे एवढाच मार्ग उरतो. चुकीच्या उपपत्तीने घडलेली सुधारणा ही वैद्यकाच्या इतिहासात दुर्मिळ नाही; पण ती उपपत्तीला बळकटी देऊन पुढच्या शोधाची वाट अडवते, हेही तितकेच खरे आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटावर ह्याच रोगाला आठ दिवसांचा आजार असे नाव होते. एकोणिसाव्या शतकात तेथे जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक त्याने मरत. १८८९ मध्ये आलेल्या अँगस फिडीस ह्या धर्मोपदेशकाने ग्लासगोला जाऊन निर्जंतुक सुईणपण स्वतः शिकून घेतले व बेटावर रूढ केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत हे मृत्यू थांबले. परंतु तोवर लोकसंख्येची घडी बिघडली होती, आणि १९३० मध्ये उरलेल्या मूठभर रहिवाशांना बेट सोडावे लागले.

महाराष्ट्रात पाचवी आणि सटवाई ह्यांचे पूजन जन्मानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी होते. त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत जाग ठेवतात, दिवा विझू देत नाहीत. नवजातांच्या धनुर्वाताची लक्षणे नेमकी ह्याच सुमारास दिसू लागतात, त्यावरून ह्या विधीचे मूळ त्या रोगाच्या भीतीत असावे असा तर्क करण्याचा मोह होतो. तो तर्क आकर्षक आहे, पण सिद्ध झालेला नाही. पहिल्या आठवड्यात मूल जाण्याची इतर कारणेही कमी नव्हती, आणि षष्ठीदेवीच्या उपासनेला स्वतःचा निराळा इतिहास आहे. दिवस मोजण्याची गरज आयर्लंडपासून दख्खनपर्यंत सर्वत्र भासली, एवढे नोंदवून थांबणे इष्ट.

शरीरशास्त्राचा आधार मिळाल्यावर युरोपात मज्जातंतूंकडे बोट दाखविले गेले. १८०९ मध्ये कोरुन्याच्या लढाईतून परतलेल्या जखमी शिपायांवर उपचार करताना चार्ल्स बेल ह्या शल्यविशारदाने धनुर्वाताच्या रोग्याचे चित्र काढले. कमान झालेला तो देह एडिंबरोच्या शल्यविशारदांच्या महाविद्यालयात आजही पाहावयास मिळतो. बेल स्वतः मज्जातंतूंचा अभ्यासक होता. नेपोलियनचा सेनावैद्य लॅरे ह्याने मिसरच्या स्वारीत जखमेतील मज्जातंतू दुखावल्याने हा रोग होतो असे मानून अवयव कापून टाकण्याचा उपाय केला. इतर कित्येकांनी जखमेकडून येणारा मज्जातंतूच तोडून पाहिला. कल्पना अशी की, दुखावलेल्या तंतूतून क्षोभ वर चढतो. ती अर्धी खरी होती. पण मृत्यूनंतर मेंदू व मेरुरज्जू तपासावा तर तेथे रोगाला साजेसे काहीच सापडत नसे. एवढा उत्पात, आणि मागे खूण नाही.

ह्या कोड्यावर एका वनस्पतीने प्रकाश टाकला. कोकणात काजरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या बियांतून, म्हणजे कुचल्यातून, स्ट्रिक्नीन हे द्रव्य १८१८ मध्ये पेलेतिये व कावांतू ह्यांनी वेगळे केले. त्याच्या विषबाधेत शरीर धनुर्वातासारखेच वाकते, शुद्ध तशीच राहते आणि मेरुरज्जूवर खूण तशीच उमटत नाही. मग धनुर्वात हीदेखील एक विषबाधाच असली तर? विष दिले कोणी, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर १८८४ मध्ये दोन ठिकाणांहून आले. तूरिन येथे कार्ले व रात्तोने ह्यांनी धनुर्वाताने मेलेल्या माणसाच्या जखमेतील पू सशांना टोचून रोग एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येतो हे दाखविले. त्याच वर्षी गटिंगेन येथे आर्थर निकोलायर ह्याने साध्या बागेतील माती उंदरांच्या व सशांच्या कातडीखाली घातली आणि त्यांना धनुर्वात झाला. त्याला टोचल्या जागी काडीसारखे जंतू दिसले. मज्जासंस्थेत व रक्तात मात्र ते जवळजवळ आढळलेच नाहीत. जंतू जखमेतच राहतात आणि स्ट्रिक्नीनसारखे एखादे विष तयार करतात, असे त्याने अनुमान केले. १८८९ मध्ये कोखच्या बर्लिन येथील प्रयोगशाळेत शिबासाबुरो कितासातो ह्या जपानी शास्त्रज्ञाने हे जंतू शुद्ध स्वरूपात वाढविले. त्याची युक्ती साधी होती. ह्या जंतूंचे बीजाणू उष्णता सोसतात, म्हणून पू ८० अंशांपर्यंत तापवून इतर जंतू मारावयाचे. आणि प्राणवायू त्यांना सोसत नाही, म्हणून उरलेले हायड्रोजनमध्ये वाढवावयाचे. १८९० मध्ये कोपनहेगनच्या फाबरने जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही रोग होतो हे सिद्ध केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेरिंग व कितासातो ह्यांनी रोगप्रतिबंधित प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाला निष्प्रभ करणारे प्रतिविष असते हे जाहीर केले. विष देणारा सापडला. तो शेणामातीत, घोड्यांच्या तबेल्यात, रस्त्याच्या धुळीत सर्वत्र होता.

तो सर्वत्र असणे म्हणजे काय, ह्याचा कटू प्रत्यय मुंबईच्या एका प्रयोगशाळेला लवकरच आला. प्लेगवरील लस तयार करणारा वाल्देमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईस आला. १८९७ च्या १० जानेवारीस त्याने ती लस स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात त्याची प्रयोगशाळा चालू लागली व तेथून देशभर लस जाऊ लागली. १९०२ च्या ३० ऑक्टोबरला पंजाबातील मुल्कोवाल ह्या खेड्यात १०७ लोकांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी ‘५३ एन’ ह्या एका बाटलीतील लस घेतलेल्या १९ जणांना सुमारे आठवड्याने धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही असे काही झाले नाही.

जंतू बाटलीत होते ह्याविषयी शंका नव्हती. प्रश्न होता ते केव्हा शिरले हा. परळला बाटली भरताना शिरले असतील तर दोष हाफकिनचा. मुल्कोवालला बाटली उघडताना शिरले असतील तर नव्हे. सरकारी चौकशी समितीने दोष मुंबईवर ठेवला. लस निर्जंतुक करताना कार्बॉलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर विसंबण्याचा बदल हाफकिनने केला होता, तोही त्याच्यावर रोखला गेला. हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले. लंडनच्या लिस्टर संस्थेने कागद तपासून, जंतू टोचणीच्या वेळी बाटलीत बहुधा होते, पण ते कोणत्या टप्प्यावर शिरले हे सांगता येत नाही, असे मत दिले. दरम्यान साक्षीतून एक तपशील पुढे आला होता : बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला.

येथे त्या जुन्या मोजणीचे महत्त्व कळते. जंतू कित्येक दिवस बाटलीत वाढत असते तर द्रवाला उग्र दुर्गंध आला असता. तसा वास बाटली उघडणाऱ्यास आला नव्हता. शिवाय अशा द्रवात विष तयार स्थितीतच असते, आणि तयार विष टोचले असता जंतूंना शरीरात रुजण्यास लागणारा वेळ वाचतो. लक्षणे लवकर दिसावयास हवीत. आठवड्याचा विलंब ताजे बीजाणू शिरल्याशी अधिक जुळतो. आठ दिवस आणि नऊ दिवस ज्या मुलांच्या आयांनी मोजले, त्यांनी नकळत ह्याच अंतराची नोंद केली होती. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस व इतर नऊ जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिनवरील आरोप निराधार असल्याचे म्हटले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्याच्यावरील ठपका दूर झाला. पण परतल्यावर त्याला परळची प्रयोगशाळा मिळाली नाही. तो कलकत्त्यास गेला. परळच्या संस्थेला त्याचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले. त्या १९ जणांची नावे ह्या सर्व वादात फारशी कोणी घेतली नाहीत, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

मुल्कोवालची घटना घडली त्याच वर्षी पॅरिसमध्ये मारी व मोराक्स, आणि १९०३ मध्ये मायर व रॅन्सम, स्थळाच्या अंतराचा उलगडा करीत होते. विष जखमेजवळच्या मज्जातंतूंच्या टोकांतून आत शिरते आणि तंतूच्या आतूनच मेरुरज्जूपर्यंत चढते, असा त्यांचा निष्कर्ष. मज्जातंतू तोडल्यास किंवा वाटेत प्रतिविष टोचल्यास त्या बाजूचा धनुर्वात टळतो असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. १९३० नंतर अमेरिकेतील जॉन जेकब एबल ह्याने हे मत जोराने खोडून काढण्याचा प्रयत्न केला. विष रक्तावाटेच जाते असे त्याचे म्हणणे. एवढ्या अधिकारी शास्त्रज्ञाच्या विरोधामुळे प्रश्न वीसएक वर्षे लोंबकळला. १९५० नंतरच्या प्रयोगांनी तंतुमार्ग पुन्हा सिद्ध केला, आणि १९७५ मध्ये किरणोत्सर्गी खूण केलेले विष मज्जातंतूतून पेशीकडे उलट चढताना प्रत्यक्ष दाखविले गेले. एबलचा आग्रहही निखालस व्यर्थ नव्हता. विष रक्तात पसरते हे खरेच. पण रक्तातून ते मेरुरज्जूत थेट शिरू शकत नाही, सर्व शरीरातील मज्जातंतूंच्या टोकांना ते पोहोचते आणि तेथून वर चढते. ज्या तंतूंची लांबी कमी त्यांतून ते आधी पोहोचणार. चेहऱ्याचे व जबड्याचे मज्जातंतू आखूड असतात. नांगराखाली बोट चेंगरलेल्या तांडेलाचा जबडा आधी का आवळला, त्याचे उत्तर हे असे तंतूच्या लांबीत आहे.

वर पोहोचल्यावर ते करते काय? १९५५ ते १९५७ ह्या काळात कॅनबेरा येथे ब्रुक्स, कर्टिस व एकल्स ह्यांनी दाखविले की, हे विष स्नायूंना चेतविणाऱ्या पेशींना चिथावीत नाही. त्यांना आवर घालणाऱ्या पेशींचे काम बंद पाडते. हात वाकविताना त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू सैल पडावा लागतो, आणि हे सैल पाडणे हेदेखील मज्जासंस्थेचे एक कार्य आहे. ते थांबले की दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. पाठीचे अधिक बलवान, म्हणून कमान मागे होते. स्ट्रिक्नीनशी असलेले साम्यही येथे उलगडते आणि भेदही. आवर घालणारा रासायनिक निरोप स्ट्रिक्नीन पोहोचल्यावर अडविते, तर धनुर्वाताचे विष तो निघूच देत नाही. १९९२ मध्ये पादुआ येथे स्कियावो, मोन्तेकुक्को व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्याचेही कारण शोधले : तो निरोप पेशीबाहेर सोडण्यास लागणारे एक प्रथिन हे विष कापून टाकते. रचना जागच्या जागी, एक प्रथिन तुटलेले. शवविच्छेदनात काही सापडत नसे ते ह्यामुळे.

तंतूत शिरलेल्या विषापर्यंत प्रतिविष पोहोचत नाही. म्हणूनच बेरिंगच्या शोधाने रोग झाल्यावर अपेक्षेइतके यश दिले नाही, आणि पहिल्या महायुद्धात जखमींना रोगाची वाट न पाहता ते आधीच टोचू लागल्यावर धनुर्वाताचे प्रमाण एकदम उतरले. विषाला निरुपद्रवी करून त्याचीच लस करण्याची रीत १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये निघाली. गरोदर स्त्रीला ती टोचल्यास तिचे संरक्षण नाळेवाटे बाळास मिळते. नऊ दिवसांच्या झटक्यांचा प्रश्न अखेर ह्या मार्गाने सुटला. प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी नवजात धनुर्वात ही कसोटी भारताने पार केल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. हे निर्मूलन देवीच्या रोगासारखे नव्हे. देवीचा रोग माणसाबाहेर कोठे राहत नव्हता. धनुर्वाताचे बीजाणू निकोलायरच्या बागेत होते तसेच मातीत आहेत.

ह्या रोगाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तो होऊन गेल्याने पुन्हा न होण्याची हमी मिळत नाही. प्राणघातक ठरणारी विषाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की, शरीराला तिची ओळख पटून प्रतिकार उभा राहण्यास ती पुरत नाही. धनुर्वातातून उठलेल्या माणसालाही त्यामुळे लस टोचावीच लागते.